पीडीएफ स्वच्छ दिसते, मग फोन ती वाचत का नाही?

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. आमचे काही पेपर आता ऑनलाइन शिकवले जातात. व्हिडिओ आणि नोट्सच्या पीडीएफ आम्ही मुलांना पाठवतो. यंदा वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थी आहे. तो म्हणतो, “मॅडम, इंग्रजीच्या नोट्स माझा फोन वाचून दाखवतो. तुमच्या उघडल्या की कधी गप्प बसतो, तर कधी नुसती इंग्रजी अक्षरं बडबडतो.” त्याच नोट्स मी माझ्या फोनवर उघडून पाहिल्या. अक्षर अगदी स्वच्छ दिसते. मग अडचण त्याच्या फोनची की आमची?
— एक प्राध्यापिका

उत्तर : अडचण फाइलची आहे. तुमच्या विद्यार्थ्याने ती इतकी नेमकी सांगितली आहे की निदान जवळजवळ त्यानेच केले आहे. फोन गप्प बसतो तेव्हा फाइलमध्ये एक दोष असतो, बडबडतो तेव्हा दुसरा.

आधी गप्प बसण्याचे पाहू. पुस्तकाची पाने किंवा हाताने लिहिलेल्या नोट्स मोबाइलने स्कॅन करून पीडीएफ केली, तर ती पीडीएफ म्हणजे फोटोंचा गठ्ठा असतो. दृष्टिहीन विद्यार्थी ‘स्क्रीन रीडर’ वापरतात. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर, संगणकावर एनव्हीडीए अशी त्याची नावे. स्क्रीन रीडरचे मूळ काम फाइलमध्ये साठवलेली अक्षरे उचलून त्यांचा उच्चार करणे. फोटोत रंगांचे ठिपके साठवलेले असतात, अक्षर एकही नसते. म्हणून तो गप्प.

बडबडीचे कारण जास्त खोल आहे आणि ते खास आपल्याकडचे आहे. महाराष्ट्रातल्या डीटीपीच्या दुकानांत, छापखान्यांत आणि महाविद्यालयांच्या कार्यालयांत अजूनही श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख अशा जुन्या पद्धतीच्या फाँटांत टाइप करण्याची सवय आहे. संगणकावर देवनागरीची सगळीकडे चालणारी सोय नव्हती, त्या काळात हे फाँट तयार झाले. रोमन अक्षरांच्या जागांवर त्यांत देवनागरीचे आकार बसवलेले असतात. त्या काळी हा मोठाच आधार होता. कितीतरी मराठी पुस्तके आणि दिवाळी अंक त्याच बळावर संगणकावर जुळवले गेले. मात्र कृतिदेवमध्ये पडद्यावर ‘भारत’ दिसतो, तेव्हा फाइलच्या पोटात एच, के, के, जे, आर अशी पाच रोमन अक्षरे असतात. तुमच्या डोळ्यांना वरचा आकार दिसतो आणि स्क्रीन रीडरला पोटातले अक्षर. तुमचा विद्यार्थी ऐकतो ती बडबड हीच. फाइलमध्ये जे आहे, ते फोन अगदी बरोबर वाचतो आहे.

युनिकोडने हा घोळ मुळातूनच सोडवला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तेव्हापासून तिच्यात देवनागरी आहे. प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो, ‘क’चा ०९१५. फाँट कोणताही असो, कंपनी कोणतीही असो, तो क्रमांक म्हणजे ‘क’च. मोबाइलवर मराठीत संदेश टाइप करणारा प्रत्येक जण युनिकोड वापरतो, फक्त त्याला ते नाव माहीत नसते. व्हॉट्सॲपवरचा तुमचा मराठी निरोप त्या विद्यार्थ्याला ऐकू येतो आणि परीक्षेच्या नोट्स ऐकू येत नाहीत, हे यामुळे.

आपली फाइल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. पीडीएफमधली एक ओळ बोटाने निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. ओळ निवडताच आली नाही तर तो फोटो आहे. निवडता आली, पण पेस्ट केल्यावर रोमन अक्षरांची खिचडी झाली, तर जुना फाँट आहे. जशीच्या तशी मराठी आली तर निम्मे काम झालेले आहे.

निम्मेच म्हणतो, कारण युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मराठीची पीडीएफ करतानाही कधी कधी जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या जागा सोडतात आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. पीडीएफ हा प्रकार मुळात छपाईसाठी घडलेला आहे. पानावर शाई कुठे पडेल याची त्याला जास्त काळजी. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, पीडीएफ द्यायची तर द्या, पण तिच्याबरोबर मूळ वर्ड फाइलही द्याच. शिक्षकांना भीती वाटते की वर्ड फाइल दिली तर कोणीतरी तिच्यात फेरफार करील. ती भीती एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या अभ्यासापेक्षा मोठी नाही.

जुन्या फाइलींचे काय? कृतिदेव किंवा श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. बदलल्यावर रफार, ‘ऱ्य’ आणि जोडाक्षरे नजरेखालून घालावी लागतात. स्कॅन केलेल्या छापील पानांवरून मजकूर काढणारी ओसीआर साधनेही देवनागरी वाचतात. टेसरॅक्ट हे मोफत साधन त्यातलेच, आणि गूगल ड्राइव्हमध्येही ती सोय आहे. छपाई स्वच्छ असेल तर निकाल चांगला येतो. फिकट झेरॉक्सवरून आलेला मजकूर ओळीओळीने तपासावा लागतो. हस्तलिखिताच्या बाबतीत सरळ पुन्हा टाइप करून घेणेच बरे. बोलून टाइप करण्याची सोय आता फोनवर मराठीत आहे, त्यामुळे हे काम पूर्वीइतके जड नाही.

आता तुमच्या विषयाकडे येऊ. अर्थशास्त्रात आलेखांवाचून पान हलत नाही. मागणी-पुरवठ्याच्या आलेखापाशी स्क्रीन रीडर नुसते ‘चित्र’ म्हणतो आणि पुढे जातो. वर्डमध्ये चित्रावर राइट क्लिक केले की ‘ऑल्ट टेक्स्ट’ची चौकट मिळते. तिच्यात ‘आकृती ३’ असे लिहून भागत नाही. फळ्यापाशी उभे राहून जे सांगता तेच तिथे लिहा : “आडव्या अक्षावर नगसंख्या, उभ्या अक्षावर किंमत. मागणी वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो, पुरवठा वक्र वर चढतो. दोन्ही जिथे छेदतात तिथे समतोल किंमत.” एवढ्या तीन वाक्यांनी आलेख पोहोचतो. ही वाक्ये लिहिताना आपल्यालाच कळते की या आकृतीतून आपल्याला नक्की काय शिकवायचे आहे. समीकरणेही चित्र म्हणून चिकटवू नका. वर्डमधल्या समीकरणाच्या सोयीने लिहिलीत तर योग्य जोडसाधन असलेला स्क्रीन रीडर ती वाचू शकतो.

मथळ्यांचा मुद्दा छोटा वाटतो, पण चाळीस पानी नोट्समध्ये तो फार मोठा ठरतो. अक्षर ठळक आणि मोठे केले की डोळ्यांना मथळा दिसतो; संगणकाच्या लेखी ते जरा जाड वाक्य असते. वर्डच्या ‘स्टाइल्स’मधून ‘हेडिंग’ निवडले तरच तो खरा मथळा होतो. मग एनव्हीडीए वापरणारा विद्यार्थी ‘एच’ ही एकच कळ दाबत एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर जातो. मथळे नसतील तर सव्विसाव्या पानावरची एक व्याख्या शोधायला त्याला आधीची पंचवीस पाने ऐकत बसावे लागते. परीक्षेच्या आदल्या रात्री ते किती छळणारे असेल, हे तुम्हाला सांगायला नको.

एनव्हीडीएचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी ते घडवले; सुरुवात २००६ ची. ते मोफत आहे आणि मराठीही बोलते. आपल्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षात ते बसवून घ्या आणि स्वतःच्या नोट्स पडदा बंद करून एकदा त्यावर ऐका. विद्यार्थ्याकडे अर्धा तास मागा. कुठे अडते हे तो दाखवील, आणि त्याच्याइतका चांगला परीक्षक तुम्हाला दुसरा मिळणार नाही.

व्हिडिओ तयार करताना एक सवय लावून घ्या. “हे बघा, इथून ही रेषा अशी जाते” या वाक्यात न पाहणाऱ्यासाठी काहीच नाही. “किंमत वाढली की मागणी वक्रावर आपण वर डावीकडे सरकतो” असे बोललात तर ते सगळ्यांना पोहोचते. एसटीत बसून कानात इअरफोन घालून तुमचे व्याख्यान ऐकणारी विद्यार्थिनीसुद्धा त्यात आली.

प्रश्न : अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठाने अपंगांसाठी सोयी करा असा तगादा लागल्यावर आपली हजारो मोफत व्याख्याने इंटरनेटवरून काढून टाकली, असे वाचनात आले. हे खरे आहे का? असे असेल तर अशा आग्रहाने सगळ्यांचेच नुकसान होत नाही का?
— एक निवृत्त वाचक, पुणे

उत्तर : घटना खरी आहे. ते विद्यापीठ म्हणजे कॅलिफोर्नियातले बर्कली. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात, म्हणजे कर्णबधिरांच्या उच्च शिक्षणासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत काम करणाऱ्या दोघांनी तक्रार केली होती की बर्कलीच्या खुल्या व्याख्यानांना धड कॅप्शन नाहीत. अमेरिकेच्या न्याय विभागाने ऑगस्ट २०१६ मध्ये बर्कलीला पत्र पाठवून ही सामग्री कायद्यात बसत नाही असे कळवले. मार्च २०१७ मध्ये विद्यापीठाने २० हजारांहून अधिक ध्वनी-चित्रफिती सर्वसामान्यांसाठी बंद केल्या. त्या सुधारण्याचा खर्च परवडणारा नाही, असा विद्यापीठाचा सूर होता.

या गोष्टीचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटी यांच्यावरही दावे लावले होते. हार्वर्डने २०१९ मध्ये आणि एमआयटीने २०२० मध्ये तडजोड केली, आपल्या खुल्या सामग्रीला कॅप्शन देण्याचे मान्य केले, आणि त्यांची व्याख्याने आजही जगभर पाहिली जातात. खुद्द बर्कलीनेही २०२२ मध्ये न्याय विभागाशी करार करून आपली ऑनलाइन सामग्री सुगम, म्हणजे अपंगांनाही वापरता येईल अशी, करण्याचे कबूल केले.

तेव्हा नुकसान कशामुळे झाले? माझे मत असे : आग्रह फार उशिरा धरला गेला म्हणून. वर्षानुवर्षे कॅप्शनविना रेकॉर्डिंग साठत गेले आणि मग वीस हजार फिती एकदम सुधारायची वेळ आली. इमारत उभी राहिल्यावर जिना फोडून रॅम्प करायला जो खर्च येतो, त्यातलाच हा प्रकार. रेकॉर्डिंगच्या दिवशीच मजकूर तयार असेल तर काम बरेच हलके होते. आपल्याकडचे बरेच प्राध्यापक ऑनलाइन व्याख्यान आधी लिहून काढतात. ते टिपण युनिकोडमध्ये असेल तर कॅप्शनचा कच्चा मसुदा हातातच असतो.

यंत्राने आपोआप तयार होणाऱ्या कॅप्शनवर विसंबू नका, हे मात्र निक्षून सांगायला हवे. मिनिटाला शंभर शब्द धरले तर तासाभराच्या व्याख्यानात सहा हजार शब्द होतात. यंत्राने शंभरातले नव्वद बरोबर ऐकले तरी सहाशे चुकतात. चुकतात तेही नेमके कुठे? पारिभाषिक संज्ञा, माणसांची नावे, आकडे आणि वाक्याच्या शेवटी हळू बोललेला ‘नाही’. ऐकू येणारा विद्यार्थी ही चूक कानाने दुरुस्त करून घेतो. कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी कॅप्शन हेच व्याख्यान असते, आणि त्यात ‘नाही’ गळाला तर तो उलटच शिकतो. आपले प्राध्यापक एका वाक्यात मराठी आणि इंग्रजी दोन्ही बोलतात, त्यामुळे यंत्राचा गोंधळ आणखी वाढतो. यंत्राचा मसुदा घ्यावा आणि माणसाने तो तपासावा. विषय समजणाऱ्या, वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना मानधन देऊन हे काम उत्तम करून घेता येईल.

जन्मतः ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते आणि लिखित मराठी ही दुसरी. त्यांना मराठी कॅप्शनचाही पूर्ण उपयोग होईलच असे नाही, दुभाषी लागतो. दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत आपल्या शब्दकोशात १० हजार शब्द नेले. महाविद्यालयीन विषयांच्या संज्ञांसाठी मात्र अजून पुष्कळ काम व्हायचे आहे आणि त्यात आपली विद्यापीठे उतरली पाहिजेत.

कॅप्शन फक्त कर्णबधिरांनाच लागतात असेही नाही. ब्रिटनच्या ऑफकॉम या संस्थेने २००६ मध्ये केलेल्या पाहणीत टीव्हीवर कॅप्शन वापरणारे सुमारे ७५ लाख लोक आढळले. त्यांतल्या ६० लाखांना ऐकण्याची काहीच अडचण नव्हती. घरात गोंगाट असतो, वक्त्याचा उच्चार अनोळखी असतो, भाषा नवी असते. आदिवासी भागातून येऊन प्रमाण मराठीत पहिल्यांदाच पदवीचा विषय ऐकणाऱ्या मुलीला कॅप्शनचा जो आधार होईल, तो कोणत्याही जादा तासाने व्हायचा नाही.

प्रश्न : माझे गाव धडगाव तालुक्यात आहे. मला दिसते, ऐकू येते, पण रेंज नाही. टेकडीवर जाऊन व्हिडिओ लावला तर दिवसाचा डेटा एका लेक्चरमध्ये संपतो. हीसुद्धा तुम्ही म्हणता तीच अडचण आहे का?
— एक विद्यार्थी

उत्तर : हो, तीच आहे, आणि तिच्यावरचा उपायही बराचसा तोच आहे. हिशेब पाहा. सेकंदाला एक मेगाबिट या दराने चालणारा व्हिडिओ तासाला सुमारे ४५० एमबी खातो. त्याच व्याख्यानाचा फक्त आवाज ६४ किलोबिट दराने साठवला तर २९ एमबी. आणि व्याख्यानाचा अख्खा मजकूर युनिकोड मराठीत दिला तर साधारण दीडशे केबी, म्हणजे एमबीचा सहावा-सातवा हिस्सा. ज्या मजकुरामुळे दृष्टिहीन विद्यार्थ्याचा फोन बोलू लागतो आणि कर्णबधिर विद्यार्थ्याला कॅप्शन मिळतात, तोच मजकूर तुझ्या गावात रेंजच्या एका काडीवर उतरतो.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भारतात शंभरातल्या जेमतेम चार घरांत संगणक होता आणि पंधरा घरांत इंटरनेटची सोय. त्यानंतर मोबाइल पुष्कळ पसरले, पण खेड्यातल्या मुलाचा वर्ग आजही सहा इंची पडद्यावरच भरतो. म्हणून महाविद्यालयाकडे मागणी कर : प्रत्येक व्याख्यानाची ध्वनिफीत आणि मजकूर वेगळा उतरवून घेता यावा, आणि हजेरी ‘लाइव्ह असण्यावर’ मोजू नये. काही अभ्यासक्रमांसाठी ‘स्वयम् प्रभा’च्या शैक्षणिक वाहिन्या डीटीएचवर विनामूल्य दिसतात, त्यांना इंटरनेट लागत नाही. घरी किंवा शेजारी डिश असेल तर तुझ्या विषयाचे वेळापत्रक पाहून घे.

प्रश्न : हे सगळे प्राध्यापकांच्या भलेपणावर आहे की कायद्यात काही आहे?
— एक पालक, सोलापूर

उत्तर : कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ नुसार सरकारी निधी घेणाऱ्या किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची आहे. कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमातली सामग्री सुगम स्वरूपात असण्याबद्दल आहे. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम केवळ शिफारशी ठेवण्यावर बोट ठेवले आणि सक्तीची मानके ठरवण्यास केंद्राला सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी तर एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरून पूर्ण करण्याची मुभा दिली आहे. पदवीचा एवढा भाग ऑनलाइन होत असेल तर तो काही विद्यार्थ्यांना बंद ठेवता येणार नाही.

परीक्षेत लेखनिक किंवा जादा वेळ ज्यांना लागतो, त्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ताशी किमान २० मिनिटे जादा मिळायला हवीत. ऑनलाइन चाचणी वेळ संपली की आपोआप बंद होते, म्हणून ही तरतूद आधीच करून ठेवावी लागते. मूडलसारख्या प्रणालीत एकेका विद्यार्थ्यापुरती वेळ वाढवण्याची सोय असते. दोन मिनिटांचे काम आहे.

पाल्याची अडचण प्राचार्यांना लेखी द्या, कोणत्या विषयाची कोणती फाइल उघडत नाही हे नावानिशी लिहा आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे.

आणि शिक्षक वाचकांना एक विनंती. येत्या सत्राच्या नोट्स टाइप करायला द्याल, तेव्हा कागदावर एवढे लिहून द्या : ‘युनिकोडमध्ये टाइप करा, मथळ्यांना हेडिंग लावा, वर्ड फाइल परत द्या.’